बिनबुडाची वाटी

लोट्याच्या प्रयोगशाळेत रात्रपाळीला
मी एका तेलकट थेंबाची समजूत घालत बसते.
पाण्याशी त्याचं जमत नाही.
कितीही ढवळा, हात थांबला की
तो वर येतो, तवंग होऊन बसतो,
रुसलेल्या भावकीसारखा, वेगळ्या पंगतीत.

टोल्युईनमध्ये लगेच विरघळतो मेला.
वीस वर्षं आम्ही तेच करत आलो.
तो वास केसांत घेऊन एसटीत चढलं
की शेजारची बाई खिडकी उघडते.
आणि इथल्या प्रत्येक नाल्याचा उतार
शेवटी खाडीकडेच जातो
हे कळायला रसायनशास्त्र लागत नाही.
मालदोलीचा लखूमामा जाळं झटकत सांगतो,
"बोय हल्ली रॉकेलसारखी लागते गो."

शमशाद होडेकरने डबी आणली.
पांढरी पूड, स्टार्चपासून केलेली,
म्हणजे आमच्या पेजेचीच दूरची पुतणी.
साखरेचे सात रेणू हात धरून गोल उभे.
मी म्हटलं, जाखडीचा फेर.
ती म्हणाली, जाखडीत मधे ढोलकीवाला असतो,
इथे मधली जागा रिकामी.
मी म्हटलं, मग चुंबळ.
ती म्हणाली, चुंबळ ओझ्याच्या खाली असते,
ही ओझ्याच्या भोवती.
बिनबुडाची वाटी
यावर पहाटे तीनला एकमत झालं.

बाहेरून पाण्याची सोयरी,
आतून तेलाची.
थेंबातला एकेक रेणू तिच्या पोटात शिरतो
आणि पाण्याला पत्ताच लागत नाही
की परका घरात आला.

फ्लास्क आधी दुधी.
मग ताकाच्या निवळीसारखा.
मग इतका नितळ
की त्यातून मी पलीकडचं कॅलेंडर वाचलं:
अमावस्या, गुरुवार.
म्हणजे मामाच्या धक्क्याला आज उधाण.

नायट्रोजनचे बुडबुडे. सत्तर अंश.
चिमूटभर परसल्फेट.
एक रेणू दुसऱ्याला धरतो, दुसरा तिसऱ्याला,
आणि धरल्या क्षणी
ज्याच्या-त्याच्या अंगावरची वाटी निसटते.
असं आम्ही म्हणतो. पाहिलंय कुणी?
मी फक्त मामाला पाहिलंय,
तो पूल व्हायच्या आधी तर चालवायचा,
माणसं पलीकडे उतरवून
रिकामी होडी परत आणताना
कोण कुठे गेलं याची चौकशी न करता.

तासाभरात तळाशी पांढरं पॉलिमर,
भिजलेल्या पोह्यांसारखं.
गाळून घेतलं. उरलं पाणी,
पाण्यात वाट्या.
सगळ्या नाहीत. काही हट्टी असतात,
साखळीत अडकून राहतात.

सकाळी ओगलेसाहेब आले.
वास नाही म्हणून त्यांना आधी वाटलं
पोरींनी रिअॅक्शन लावलीच नाही.
मग त्यांनी पुडीचा किलोचा भाव विचारला.
मग टोल्युईनच्या पिंपाकडे बघितलं.
मग म्हणाले, "बघू."
हा शब्द अजून कशातच
विरघळलेला मी पाहिला नाही.

रविवारी मामाला सगळं सांगितलं,
सुकत घातलेल्या जाळ्याशेजारी बसून.
त्याने बिडी विझवली.
"आणि ती वाटीच खाडीत गेली तर?"
साखर आहे मामा, किडे खातील.
मग खरं तेही सांगितलं:
आमच्या वाटीच्या कडांना मिथाइलची टोपडी आहेत,
नीट विरघळावी म्हणून चढवलेली,
ती खायला किड्यांना वेळ लागेल.
"मग नीट गाळ," म्हणाला,
आणि जाळ्यातलं एक फाटकं घर
बोटांनी चाचपत राहिला.

आज तेच पाणी पाचव्यांदा लावलंय.
किंचित पिवळं पडलंय.
थेंब आत शिरायला आता
चार मिनिटं जास्त घेतो.
शमशाद डबा उघडून माझ्यापुढे सरकवते,
सुकट आणि भाकरी.
आम्ही जेवतो, काचेकडे बघत.
अजून दुधी आहे.